शेअर्ड मेमरीतून टप्प्याटप्प्याने वाचन: चालू पीडी पॅचमध्ये बाहेरचा डेटा आणण्याची रीत

प्युअर डेटा, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातला ‘पीडी’, ही खोकी आणि तारा जोडून प्रोग्राम रचण्याची मुक्तस्रोत भाषा मिलर पकेट यांनी १९९० च्या दशकात लिहिली. त्याआधी, १९८० च्या दशकात, पॅरिसच्या इरकाम संस्थेत त्यांनीच ‘मॅक्स’ या तिच्या पूर्वसुरीची पायाभरणी केली होती. या पद्धतीच्या भाषांमध्ये पॅच, म्हणजे जोडलेल्या खोक्यांचा प्रोग्राम, चालू असतानाच तो बदलता येतो आणि आवाज त्याच क्षणी घडत असतो. म्हणून बाहेरच्या प्रोग्रामकडून डेटा घेताना तो बरोबर आला एवढ्याने भागत नाही, तो घेण्यात आवाजाची वेळ चुकता कामा नये.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे. नर्तकाच्या मनगटावर बांधलेला प्रवेगमापक सेकंदाला १००० नोंदी पाठवतो. एक स्वतंत्र प्रोग्राम त्या यूएसबीवरून वाचतो, त्यातला गोंगाट गाळतो आणि त्या शेअर्ड मेमरीत, म्हणजे एकाहून अधिक प्रोग्रामना दिसणाऱ्या सामायिक मेमरीत, लिहितो. त्याच संगणकावर चालणारा पीडीचा पॅच त्या मेमरीतून फक्त नव्या नोंदी उचलून त्यांचा आवाज करतो. मेमरी वाचणारे खोके सी भाषेत लिहिलेले एक्स्टर्नल, म्हणजे पीडीला बाहेरून जोडलेली भर, असेल, असे येथे गृहीत धरले आहे. लिनक्स आणि मॅकवरील पॉझिक्स पद्धतीची नावे दिली आहेत. विंडोजवर फंक्शनांची नावे निराळी असली तरी विचार तोच राहतो.

सेकंदाला शंभरेक संदेशच यायचे असतील, तर शेअर्ड मेमरीच्या वाटेला जाऊ नये. त्याच संगणकातल्या नेटवर्कच्या वाटेने (यूडीपीवरून) ओएससीचे, म्हणजे संगीताच्या प्रोग्रामांत रूढ असलेल्या रीतीचे, संदेश पाठवणे सोपे आहे आणि त्यात काही बिघडले तर ते लवकर सापडते. नोंदी हजारांच्या घरात असतील, एकाच डेटावर दोन-तीन पॅच चालवायचे असतील किंवा चित्रांसारखे मोठे ठोकळे हलवायचे असतील, तेव्हाच ही खटपट सार्थकी लागते. केवळ चित्रे एका पीडीतून दुसऱ्या पीडीत न्यायची असतील, तर जेम या ग्रंथालयात ‘पिक्स-शेअर-राइट’ आणि ‘पिक्स-शेअर-रीड’ ही तयार खोकी आहेत, ती आधी वापरून पाहावीत.

प्रवाह हवा की स्थिती

काम सुरू करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे लागते: पॅचला प्रत्येक नोंद हवी आहे, की फक्त ताजी? मनगट आत्ता कोणत्या कोनात आहे एवढेच हवे असेल, तर ती स्थिती आहे. मधल्या नोंदी गळल्या तरी चालते आणि रिंग बफरची, म्हणजे शेवटचा खण भरला की पुन्हा पहिल्यापासून भरणाऱ्या खणांच्या माळेची, गरजच पडत नाही. एक नोंद, तिच्याशेजारी एक काउंटर, लिहायला सुरुवात करताना तो विषम करणे आणि लिहून झाल्यावर सम करणे, आणि वाचणाऱ्याने नोंद उचलण्यापूर्वी व नंतर तोच सम आकडा दिसला तरच ती स्वीकारणे, इतके पुरते. तसे न झाल्यास मागची नोंद तशीच वापरावी आणि पुढच्या वेळी पुन्हा पाहावे.

हाताच्या झटक्याचा नेमका आकार, कंपन किंवा दोन आघातांमधले अंतर हवे असेल, तर मात्र एकही नोंद सोडून चालत नाही. हा प्रवाह आहे आणि पुढचे सारे विवेचन त्याच्यासाठी आहे.

पीडीच्या वेळेचा हिशेब

पीडी आवाज ६४ नमुन्यांच्या ठोकळ्यांत तयार करतो. सेकंदाला ४८,००० नमुने असतील, तर एका ठोकळ्याची, म्हणजे एका टिकची, लांबी १.३३३ मिलिसेकंद होते आणि सेकंदाला ७५० टिक पडतात. बँग (‘आता कर’ अशी नुसती खूण), आकडे आणि याद्या हे संदेश दोन टिकांच्या मध्ये पोहोचवले जातात, आणि आवाजाचे गणित व हे संदेश दोन्ही एकाच थ्रेडमध्ये, म्हणजे कामांच्या एकाच रांगेत, चालतात. खिडकी रंगवणारा भाग तेवढा टीसीएल-टीकेमध्ये लिहिलेल्या वेगळ्या प्रोसेसमध्ये असतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, आपल्या एक्स्टर्नलने संदेशाला उत्तर देताना वेळ लावला, तर तो वेळ थेट आवाजाच्या खात्यातून जातो. ‘हे काही सिग्नलचे खोके नाही, साधे संदेशाचे आहे’ ही सबब येथे लागू पडत नाही.

म्हणून वाचनाच्या वाटेवर मेमरी मागणे, फाइल उघडणे, कन्सोलवर मजकूर छापणे आणि कुलूप लावणे या चारही गोष्टी वर्ज्य मानाव्यात. कुलपाचा, म्हणजे म्युटेक्सचा, मोह सर्वांत जास्त होतो, कारण पाठ्यपुस्तके सामायिक डेटासाठी तोच उपाय सांगतात. पण लिहिणारा प्रोग्राम कमी प्राधान्याचा असतो. त्याने कुलूप घेतल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला बाजूला सारून तिसऱ्याच प्रोग्रामला कोअर दिला, तर आवाजाचा थ्रेड त्या तिसऱ्याची वाट पाहत ताटकळतो. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात नेमके हेच घडले. सामायिक माहितीच्या जागेवरचे कुलूप हवामानाच्या कमी प्राधान्याच्या कामाने धरले होते, मधल्या प्राधान्याच्या संपर्काच्या कामाने त्याला मागे टाकले, सर्वांत महत्त्वाचे काम अडकून पडले आणि पहारेकरी टायमरने संगणक पुन्हा पुन्हा सुरू केला. पृथ्वीवरून आज्ञा पाठवून प्राधान्य-वारसा (कुलूप धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तात्पुरते देणे) चालू केल्यावर ते थांबले. पॅचमध्ये यानाइतके काही पणाला लागलेले नसते, पण भर प्रयोगात आवाज तुटणे हेही कलाकाराला परवडणारे नाही.

मेमरीची मांडणी

मेमरीचा तुकडा लिहिणाऱ्या प्रोग्रामने निर्माण करावा: एसएचएम-ओपनने नाव घेऊन उघडावा, एफट्रंकेटने त्याची लांबी ठरवावी आणि एममॅपने, सामायिक असे नमूद करून, आपल्या पत्त्यांच्या जागेत आणावा. नाव तिरप्या रेघेने सुरू व्हावे आणि आखूड असावे. वाचणाऱ्याने तोच तुकडा फक्त वाचण्यापुरता जोडावा. वाचणारा सामायिक मेमरीत काहीही लिहीत नसेल, तर त्याची कितीही चूक झाली तरी लिहिणाऱ्याचे नुकसान होत नाही, आणि दुसरा, तिसरा वाचणारा परवानगी न विचारता जोडता येतो. हा निर्णय मला या साऱ्या रचनेत सर्वांत मोलाचा वाटतो. त्याची किंमत एवढीच की वाचणारा मागे पडला तर लिहिणारा त्याच्यासाठी थांबत नाही. आवाजाच्या कामात तसे थांबणे नकोच असते.

तुकड्याच्या सुरुवातीला शीर्षभाग ठेवावा: ओळखीचा एक ठरलेला आकडा, मांडणीची आवृत्ती, एका नोंदीची लांबी, एकूण खणांची संख्या, लिहिणाऱ्याच्या सत्राचा क्रमांक आणि दोन काउंटर. सर्व आकडे ठरावीक रुंदीच्या प्रकारांत असावेत, कारण दोन्ही प्रोग्राम एकाच कंपायलरने घडवलेले असतीलच असे नाही. मेमरीत कुठेही पॉइंटर ठेवू नये. तोच तुकडा दोन प्रोसेसना वेगवेगळ्या पत्त्यांवर दिसतो, म्हणून सुरुवातीपासूनचे अंतरच लिहावे. काउंटर बाकीच्या शीर्षभागापासून वेगळ्या कॅशे-ओळीवर (प्रोसेसर एका वेळी उचलतो त्या मेमरीच्या तुकड्यावर) ठेवावेत. ती ओळ बहुतेक संगणकांवर ६४ बाइटची असते, तर ॲपलच्या नव्या चिपांवर १२८ बाइटची, म्हणून १२८ धरून जागा सोडलेली बरी.

आपल्या उदाहरणात एका नोंदीत ८ बाइटची वेळ, ४-४ बाइटचे तीन अक्ष आणि ४ बाइटच्या खुणा, असे २४ बाइट होतात. ४०९६ खण घेतले तर ९८,३०४ बाइट, म्हणजे ४०९६ बाइटची बरोबर २४ पाने लागतात आणि सुमारे ४.१ सेकंदांचा इतिहास मावतो. खणांची संख्या दोनाचा घात असावी. त्यामुळे क्रमांकावरून खण काढायला भागाकार लागत नाही हा लहान फायदा. खरा फायदा असा की ३२ बिटांचा काउंटर भरून शून्यावर आला तरी खणांचा क्रम तुटत नाही, कारण त्या मोठ्या संख्येला खणांच्या संख्येने निःशेष भाग जातो.

दोन काउंटर कशासाठी

हे खण रहाटगाडग्याच्या माळेसारखे फिरत असतात: शेवटचा भरला की पुन्हा पहिल्याची पाळी, आणि त्यातले जुने आपोआप जाते. जुने जाण्याला हरकत नाही. धोका असा की आपण एखादा खण वाचत असतानाच लिहिणारा त्याच खणावर येऊ शकतो, आणि मग हातात अर्धी जुनी व अर्धी नवी नोंद पडते. अशा नोंदीतले आकडे दिसायला अगदी शहाणे असतात. ती ओळखता येत नाही, म्हणून ती होणारच नाही किंवा झाल्यास टाकली जाईल, अशी व्यवस्था आधीच करावी लागते.

त्यासाठी लिहिणाऱ्याने दोन काउंटर ठेवावेत. पहिला ‘घेतले’: आजवर किती नोंदी लिहायला घेतल्या. दुसरा ‘झाले’: किती पूर्ण लिहून झाल्या. दोन्ही फक्त वाढतात, कधीही मागे येत नाहीत आणि खणांच्या संख्येला पोहोचल्यावर शून्य केले जात नाहीत. लिहिणाऱ्याचा क्रम असा: यूएसबीवरून आठ नोंदींचा गठ्ठा आला, तर ‘घेतले’ आठने वाढवावे, मग रिलीज प्रकारचे कुंपण (आधीचे काम नंतरच्या लिहिण्यामागे सरकू न देणारी आज्ञा) घालावे, मग आठही नोंदी त्यांच्या खणांत लिहाव्यात, आणि शेवटी ‘झाले’ रिलीज पद्धतीने आठने वाढवावे.

हे कुंपण आणि ही पद्धत औपचारिकता म्हणून नाहीत. कंपायलर आणि प्रोसेसर दोघेही आपल्या सोयीने कामांचा क्रम बदलतात. इंटेलच्या जातीचा प्रोसेसर लिहिण्यांचा क्रम बराचसा पाळतो, त्यामुळे लॅपटॉपवर चुकीचा कोडही महिनोन्‌महिने बरोबर चालल्यासारखा दिसतो. तोच कोड आर्म प्रोसेसर असलेल्या रास्पबेरी पायवर नेला, की ‘झाले’ आधी वाढलेले दिसते आणि नोंद मागाहून पोहोचते. सी भाषेतला ‘व्होलाटाइल’ हा शब्द यावर उतारा नाही. सी-११ पासून उपलब्ध असलेले ॲटॉमिक, म्हणजे अर्धवट लिहिलेले कधी न दिसणारे, प्रकारच वापरावेत, आणि काटेकोरपणे पाहायचे तर नोंदीतले आकडेसुद्धा शिथिल ॲटॉमिक पद्धतीने वाचावेत व लिहावेत. काउंटर ६४ बिटांचे असावेत; सेकंदाला ४८,००० नोंदी आल्या तरी ते भरायला एक कोटीहून अधिक वर्षे लागतील. जुन्या ३२ बिटांच्या मशीनवर ६४ बिटांचे ॲटॉमिक आतून कुलूप वापरत असेल, तर ते दोन प्रोसेसमध्ये कामाचे नाही. तेथे ३२ बिटांचा काउंटर घेऊन वजाबाकीवर विसंबावे.

वाचण्याची कृती

वाचणारे एक्स्टर्नल स्वतःजवळ, सामायिक मेमरीच्या बाहेर, एकच आकडा बाळगते: पुढची कोणती नोंद वाचायची. त्याला ‘स्थान’ म्हणू. प्रत्येक बँगला पुढील गोष्टी याच क्रमाने घडाव्यात.

‘झाले’ अक्वायर पद्धतीने (नंतरची वाचने त्याच्या आधी होऊ न देता) वाचावे. ‘झाले’ वजा ‘स्थान’ म्हणजे शिल्लक. ती शून्य असेल, तर काही न करता परतावे. नवे आले नाही ही चूक नाही, आणि त्यासाठी क्षणभरही थांबायचे नाही. शिल्लक खणांच्या संख्येहून जास्त असेल, तर आपण इतके मागे पडलो आहोत की जुने पुसले गेले. अशा वेळी शाबूत असलेल्या सर्वांत जुन्या नोंदीवर जाऊन बसण्याची चूक अनेक कोडांत दिसते. तीवर पोहोचेपर्यंत लिहिणारा तीही पुसतो आणि वाचणारा कायम काठावर धडपडत राहतो. त्याऐवजी ‘झाले’मधून ठरावीक लहान शिल्लक वजा करून तेथे उडी घ्यावी आणि किती नोंदी हुकल्या ते मोजून ठेवावे.

मग या टिकला किती उचलायच्या ते ठरवावे. शिल्लक आणि एका टिकची कमाल मर्यादा यांतला लहान आकडा घ्यावा. आपल्या उदाहरणात १६ ही मर्यादा पुरेशी आहे. मर्यादा नसेल, तर संगणक क्षणभर अडखळल्यावर तुंबलेल्या ३००० नोंदी एकाच टिकमध्ये पॅचमधून धावतात, त्यांच्यामुळे तो टिक लांबतो, लांबल्यामुळे आणखी नोंदी तुंबतात, आणि एका अडखळण्याचे रूपांतर दीर्घ खरखरीत होते. टप्प्याटप्प्याने वाचणे म्हणजे ‘फक्त नवे वाचणे’ एवढेच नव्हे. एका वेळी किती वाचायचे याला बांध घालणेही त्यातच येते.

उचलायच्या नोंदी एक्स्टर्नलच्या स्वतःच्या, आधीच मागून ठेवलेल्या जागेत नक्कल कराव्यात. गठ्ठा माळेच्या टोकावरून सुरुवातीकडे वळत असेल, तर नक्कल दोन तुकड्यांत करावी लागते. त्यानंतर अक्वायर प्रकारचे कुंपण घालून ‘घेतले’ वाचावे. ज्या नोंदीचा क्रमांक अधिक खणांची संख्या ही बेरीज ‘घेतले’पेक्षा कमी भरते, तिच्या खणावर नवे लिहिणे सुरू झालेले असू शकते, ती टाकून द्यावी आणि हुकलेल्यांत धरावी. नक्कल झाल्यानंतर केलेल्या या पडताळणीमुळेच कुलपाशिवाय वाचलेल्या नोंदींवर भरवसा ठेवता येतो.

आता ‘स्थान’ पुढे सरकवावे, आणि ते सरकवल्यानंतरच आउटलेटमधून, म्हणजे खोक्याच्या बाहेर सोडणाऱ्या तोंडातून, डेटा सोडावा. पीडीमध्ये आउटलेटमधून सोडलेला संदेश तेथल्या तेथे, खोलवर, शेवटच्या खोक्यापर्यंत जाऊन मगच परततो. पॅचमध्ये खाली कुठे तरी एखादी तार फिरून आपल्याच इनलेटला बँग देत असेल, तर एक्स्टर्नल स्वतःच्या मधोमध पुन्हा चालवले जाते. ‘स्थान’ आधी सरकलेले नसेल, तर त्याच नोंदी पुन्हा बाहेर पडतात. नक्कल केलेली जागाही या फेऱ्यात पुन्हा भरली जाऊ शकते, म्हणून आत असताना आलेला बँग सरळ दुर्लक्षित करणारी खूण ठेवणे उत्तम.

आउटलेट तीन असावेत: डावीकडे नोंदीची यादी, मधे हुकलेल्यांची संख्या, उजवीकडे शिल्लक. पीडीचा रिवाज उजवीकडून डावीकडे सोडण्याचा आहे आणि तो येथे उपयोगी पडतो, कारण नोंद हाती पडण्याआधी पॅचला खंड पडला की नाही हे कळलेले असते. कोन मोजणारा भाग त्यानुसार स्वतःला पुन्हा शून्यावर आणू शकतो.

पॅचमध्ये काउंटर आणू नये

पीडीच्या नेहमीच्या बांधणीत प्रत्येक आकडा ३२ बिटांचा दशांश आकडा असतो आणि त्यात पूर्णांक नेमकेपणाने १,६७,७७,२१६ पर्यंतच मावतात. त्यापुढे एक मिळवला तरी आकडा जागचा हलत नाही. एक्स्टर्नलने नोंदीचा क्रमांक पॅचला दिला आणि पॅचने ‘मागचा अधिक एक’ अशी तुलना केली, तर सेकंदाला १००० नोंदींच्या वेगाने सुमारे ४ तास ३९ मिनिटे सारे सुरळीत चालते आणि मग बिघडते. सरावात हे कधीच दिसत नाही. दिवसभर चालणाऱ्या प्रदर्शनात दुपारी दिसते. आवाजाचे ४८,००० नमुने मोजत असाल, तर हीच मर्यादा ३५० सेकंदांच्या आतच गाठली जाते. म्हणून क्रमांक एक्स्टर्नलमध्येच ठेवावेत आणि पॅचला फक्त फरक द्यावेत: शिल्लक, हुकलेल्या नोंदी, मागच्या नोंदीपासून गेलेले मिलिसेकंद. हे सारे आकडे लहान राहतात.

टिक सारख्या अंतराने पडत नाहीत

आतापर्यंतची रीत अचूक नोंदी देते, पण त्या गुळगुळीत चालीने देईलच असे नाही. कागदावर ७५० टिक आणि १००० नोंदी म्हणजे दर टिकला १.३३३ नोंदी. प्रत्यक्षात साउंडकार्डचा बफर २५६ नमुन्यांचा असेल, तर पीडी दर ५.३३ मिलिसेकंदांनी जागा होऊन चार टिक पाठोपाठ उरकतो. पहिल्या टिकला पाच-सहा नोंदी मिळतात आणि पुढच्या तिघांच्या वाट्याला काहीच येत नाही. पीडीच्या दृष्टीने हे चार टिक चार वेगळे क्षण आहेत, पण खऱ्या घड्याळात ते जवळजवळ एकाच क्षणी झाले. हे लक्षात न घेता नोंदी आल्या तशा गाळणीला दिल्या, तर हाताच्या संथ हालचालीतही सेकंदाला सुमारे १८७ वेळा येणारा एक बारीक दातेरीपणा ऐकू येतो, आणि तो सेन्सरचा दोष समजून लोक सेन्सर बदलत बसतात.

यावरचा उपाय म्हणजे मुद्दाम थोडी शिल्लक बाळगणे आणि ‘जेवढे आहे तेवढे घ्या’ ऐवजी ‘ठरलेल्या चालीने घ्या’ हा नियम लावणे. एक्स्टर्नलमध्ये एक दशांश खाते ठेवावे. दर टिकला त्यात १.३३३ जमा करावेत, पूर्णांक भागाएवढ्या नोंदी उचलाव्यात आणि उरलेला अपूर्णांक पुढे न्यावा. मग टिकांना १, १, २ अशा क्रमाने नोंदी मिळतात. बाळगायची शिल्लक किती, हे दोन्ही बाजूंच्या गठ्ठ्यांवरून ठरते: लिहिणारा आठ-आठ नोंदी आणतो आणि पीडी एका झोपेत सहा नोंदींइतका वेळ घालवतो, म्हणजे किमान १४, त्यावर थोडी सैल जागा धरून २०. यामुळे २० मिलिसेकंदांचा विलंब वाढतो. हालचालीवरून घडणाऱ्या पोतासाठी तो चालून जातो; टाळीच्या क्षणी आघात हवा असेल, तर बफर आणि गठ्ठे दोन्ही लहान करून शिल्लक घटवावी, ती शून्य करू नये.

एवढ्यावर भागत नाही, कारण सेन्सरचे घड्याळ आणि साउंडकार्डचे घड्याळ ही दोन वेगळी स्फटिके आहेत. त्यांच्यात दशलक्षात ५० भागांचा फरक असेल, तर तासाला १८० नोंदींचा फरक पडतो. चार तासांत शिल्लक ७२० ने वाढते, म्हणजे हात हलल्यानंतर पाऊण सेकंदाने आवाज येतो, किंवा उलट दिशेने शिल्लक संपून खंड पडू लागतात. म्हणून शिल्लकीची सेकंदाभराची सरासरी काढावी, ती २० पेक्षा जितकी जास्त किंवा कमी असेल, तो फरक सुमारे दहा सेकंदांत भरून निघेल एवढीच १.३३३ मध्ये दुरुस्ती करावी, आणि ही दुरुस्ती एक टक्क्याच्या आत बांधून ठेवावी. दुरुस्ती जितकी सावकाश, तितकी ती कानाला कळत नाही.

पीडीमध्ये हे चालवण्यासाठी ‘बँग-टिल्डे’ हे खोके वापरावे, कारण ते प्रत्येक ठोकळ्याला एक बँग देते, मेट्रोला, म्हणजे ठरावीक अंतराने बँग देणाऱ्या खोक्याला, १.३३३ मिलिसेकंद लिहून तोच परिणाम साधण्याचा प्रयत्न करू नये. नोंदींऐवजी आवाजाचे नमुनेच वाचायचे असतील, तर एक्स्टर्नल सिग्नलचे लिहावे. त्याच्या पर्फॉर्म फंक्शनात ६४ नमुने भरले नाहीत, तर शेवटच्या नमुन्यापासून शून्याकडे हळूहळू उतरावे. अचानक शून्य टाकल्यास खट्ट असा आवाज येतो.

उघडणे, बंद करणे आणि लिहिणारा गेल्यावर

मेमरी उघडण्याचे काम पॅच लोड होताना किंवा आवाज चालू करण्यापूर्वी उरकावे. उघडताच ओळखीचा आकडा, आवृत्ती, नोंदीची लांबी आणि खणांची संख्या तपासावी. एकही जुळले नाही तर जोडणी सोडून द्यावी आणि कन्सोलवर स्पष्ट कारण लिहावे, कारण या क्षणी छापणे निर्धोक असते. प्रत्येक पानातला एक बाइट वाचून घ्यावा आणि शक्य असेल तर एमलॉकने पाने जागेवर धरावीत, म्हणजे पहिल्या स्पर्शाला लागणारा वेळ आवाज चालू असताना लागत नाही.

लिहिणारा बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर दोन प्रकार संभवतात. त्याने तोच तुकडा उघडला, तर सत्राचा क्रमांक बदललेला दिसतो; वाचणाऱ्याने तो दर बँगला तपासावा आणि बदलल्यास ‘स्थान’ नव्याने ठरवावे. त्याने जुन्याचे नाव पुसून नवा तुकडा बनवला, तर मात्र वाचणाऱ्याकडे जुनाच तुकडा जोडलेला राहतो, कोणतीही त्रुटी येत नाही आणि डेटा गोठतो. म्हणून ‘झाले’ अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त काळ हलले नाही, तर पॅचला तसा संदेश द्यावा आणि पुन्हा उघडण्याचे काम वेगळ्या थ्रेडवर सोपवावे. लिहिणाऱ्याने जोडलेल्या तुकड्याची लांबी कधीही कमी करू नये. नाहीशा झालेल्या पानाला हात लागताच सिस्टिम पीडीलाच बंद करते. लिनक्सवर जुने तुकडे ‘डेव्ह’ फोल्डरातील ‘एसएचएम’मध्ये दिसतात, आणि तेथे डोकावण्याची सवय लावून घ्यावी.

तपासणी

चाचणीसाठी लिहिणाऱ्याचा एक नकली अवतार तयार करावा, जो तिन्ही अक्षांत नोंदीचा क्रमांकच लिहितो, तोही शेवटच्या १६ बिटांपुरता, म्हणजे पीडीच्या आकड्यात तो नेमका मावतो. तिन्ही आकडे सारखे नसतील, तर नोंद फाटलेली आहे. आधीच्याहून एकाने पुढे नसेल, तर खंड पडला आहे. आणि खंडांची बेरीज मधल्या आउटलेटवरच्या आकड्याशी जुळली नाही, तर हिशेबात चूक आहे.

काउंटरांची सुरुवात शून्यापासून करू नये. एकदा १,६७,७७,००० पासून आणि एकदा ३२ बिटांच्या कमाल आकड्याच्या थोडे अलीकडून सुरू करावी, म्हणजे पाच तासांनी दिसणारी चूक पहिल्याच मिनिटात दिसते. नंतर लिहिणाऱ्याला थांबवण्याचा सिग्नल देऊन दहा सेकंदांनी पुन्हा चालू करावे. तेच पीडीला करून पाहावे: दहा सेकंद म्हणजे ४.१ सेकंदांच्या इतिहासाहून अधिक, त्यामुळे उडी घेण्याची वाट नक्की तपासली जाते. अखेरीस ज्या मशीनवर प्रयोग व्हायचा आहे, त्याच मशीनवर रात्रभर चालवावे; आर्मवरची क्रमाची चूक लॅपटॉपवर कितीही वेळ घालवून सापडणार नाही.

शिल्लकीचा आकडा पॅचमध्ये कायम डोळ्यांसमोर असावा, पण तो सेकंदाला ७५० वेळा आकड्याच्या खोक्यात टाकू नये, कारण प्रत्येक बदल खिडकी रंगवणाऱ्या प्रोसेसकडे पाठवावा लागतो आणि तेवढ्यानेच आवाज अडखळू शकतो. उजव्या आउटलेटचा आकडा फ्लोटच्या खोक्याच्या थंड इनलेटमध्ये साठवावा आणि १०० मिलिसेकंदांच्या मेट्रोने तेथून दाखवावा. तो २० च्या आसपास सावकाश झुलत असेल, तर दोन्ही घड्याळे जुळवून घेतली जात आहेत. एकाच दिशेने सरकत राहिला, तर दुरुस्तीची टक्केवारी कमी पडते आहे किंवा सेन्सरचा खरा वेग १००० नाही, आणि तो वेग नोंदींवरच्या वेळेवरून मोजून १.३३३ च्या जागी घालावा.